कशाने पुसू?

“कशाने पुसू?” आईने विचारलं आणि फडकं हातात धरून ती ओट्यापासून पाऊलभर लांब उभी राहिली. चहाचा कप उचलला होता, खाली बांगडीएवढा ओला गोल उरला होता, तेवढाच पुसायचा होता. आई माझ्याकडे राहायला आली की माझ्याआधी उठते, आणि मी डोळे चोळत बाहेर येईपर्यंत सिंक रिकामं, भांडी जागच्या जागी, ओटा लख्ख असं सगळं झालेलं असतं. कुणाच्या घरात कुठलं फडकं कशासाठी आहे हे तिला एका नजरेत कळतं. अशी बाई एका ओल्या गोलापुढे परवानगीची वाट बघत उभी होती. “अगं, पूस कशानेही,” मी म्हणाले. “तसं नको. तू सांग,” ती म्हणाली. आवाजात रुसवा नव्हता, टोमणा तर नव्हताच. ती खरोखर विचारत होती, आणि तेच मला दिवसभर बोचत राहिलं.

तिच्या आधीच्या खेपेला ओटा नवाकोरा होता. पांढरा संगमरवर, त्यातून तिरकी गेलेली राखाडी शीर, आणि वर अशी चकाकी की खिडकीचे गज त्यात सरळ दिसायचे. एका सकाळी मी स्वयंपाकघरात आले तेव्हा कोवळं ऊन अगदी आडवं होऊन ओट्यावर आलं होतं आणि त्या उन्हात मला अर्धगोल दिसले. एकाशेजारी एक, एकावर एक चढलेले, मोरपिसाऱ्यासारखे. गज अजून दिसत होते, पण त्या अर्धगोलांपाशी येऊन धुरकट होत होते. आदल्या रात्री आईने पाण्यात व्हिनेगर घालून ओटा पुसला होता, तेलकटपणा निघावा म्हणून. तिचा हात ज्या वळणाने फिरला ते वळण दगडावर जसंच्या तसं उतरलं होतं. खांद्यातून आलेला लांब झोका, आणि टोकाला फडकं उलटताना मनगटाने दिलेला छोटा हिसका, तोसुद्धा. मी ओल्या कापडाने घासलं, कोरड्याने घासलं, नखाने खरवडून पाहिलं. अर्ध्या तासाने लक्षात आलं की तिथे काढून टाकण्यासारखं काही नाहीच.

दगडावर काही चढलं नव्हतं. दगडच थोडा गेला होता.

“आई, विचारायचं तरी!” एवढंच मी बोलले. पण ज्या आवाजात बोलले, तो आवाज मी पुन्हा ऐकू शकते.

हा दगड मी निवडला तो एका दुपारी, गोदामात. मोठमोठ्या स्लॅब लाकडी घोड्यांना टेकून उभ्या होत्या, भल्यामोठ्या वहीची पानं उघडावीत तशा. तिथल्या माणसाने एका स्लॅबवर पाण्याचा हबका मारला आणि राखाडी शीर एकदम गडद होऊन वर आली. मी तिथेच हरले. हातभर नमुना बघून दगड पसंत करू नये, पूर्ण स्लॅब उभी करून बघावी, तीही दिवसाच्या उजेडात, हे मला कुणीतरी सांगितलं होतं आणि ते मी इमानाने पाळलं. पाठीमागे जाळी चिकटवली आहे का, भेगा रेझिनने, म्हणजे घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेने, भरल्या आहेत का, हेही बघितलं. विचारायचा प्रश्न मात्र राहून गेला. हा दगड कशाचा आहे आणि माझ्या घरात त्याच्यावर रोज काय सांडणार आहे? “सील केलं की काही होत नाही,” असं मला सांगण्यात आलं आणि मी मान डोलावली, कारण मला ते खरं असायला हवं होतं.

सीलर काय करतो ते मी नंतर, हळहळत शिकले. तो दगडाच्या बारीक छिद्रांत उतरतो आणि तेल, चहा, रंग आत मुरायला वेळ लावतो. डाग पडण्यापासून तो बऱ्यापैकी वाचवतो. पण आम्लापुढे त्याचा काही इलाज नाही, कारण आम्ल आत शिरायची वाटच बघत नाही, ते पृष्ठभागच खातं. संगमरवर म्हणजे कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. अंड्याचं कवच, शिंपले, खडू, सगळी एकाच गोत्रातली. शाळेत अंडं व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं होतं, कवचावर बुडबुडे धरले आणि दुसऱ्या दिवशी हातात एक लिबलिबीत, आरपार उजेड जाणारा गोळा आला, ते मला लख्ख आठवतं. ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. माझ्या ओट्यावर त्या रात्री तेच झालं होतं, फक्त इतकं हळू आणि इतकं उथळ की कुणाला दिसलं नाही. लिंबाचा थेंब, टोमॅटोचा रस, फळांचं सरबत, न्हाणीघर धुवायचं कुठलंही आम्लाचं औषध, सगळ्यांची हीच तऱ्हा. मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४ या काळात इटलीतल्या करारा इथल्या संगमरवरातून डेव्हिड घडवला, आणि तो पुतळा शेवटी १८७३ मध्ये उघड्या चौकातून छपराखाली हलवावा लागला. ऊनपाऊस त्याला सोसत नव्हता. पावसाच्या पाण्यातही मुळात थोडं आम्ल असतंच. हे वाचलं तेव्हा मला माझ्या ओट्याचं जरा कमी वाईट वाटलं आणि आईशी बोलल्याचं जरा जास्त.

म्हणून आता कुणी दगड घ्यायला निघालं की मी एकच सांगते. तुकडा मागून आणा. कापून उरलेला हातभर तुकडा कुठल्याही गोदामात पडलेला असतो. तो घरी आणून त्याच्यावर लिंबाचे चार थेंब टाका, पंधरा मिनिटांनी पुसा आणि उजेडाकडे तिरपा धरून बघा. चट्टा उमटला तर तो कॅल्साइटचा वंश, मग पाटीवर नाव काहीही लिहिलेलं असो. ‘क्वार्टझाइट’, म्हणजे क्वार्ट्झ या कठीण खनिजाचा दगड, म्हणून विकले जाणारे काही दगड या परीक्षेत संगमरवर निघतात. दुसऱ्या कोपऱ्यात सुरीच्या टोकाने रेघ ओढा. फ्रीडरिख मोसने १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची जी उतरंड लावली तिच्यात कॅल्साइट तिसऱ्या पायरीवर आहे, क्वार्ट्झ सातव्या, आणि सुरीचं पोलाद साधारण साडेपाचाशी. म्हणजे संगमरवरावर सुरी चरा पाडते, आणि खऱ्या क्वार्टझाइटवर सुरीच आपली धातूची रेघ सोडून जाते. तिसऱ्या जागी पाण्याचा थेंब ठेवून दहा मिनिटं थांबा. थेंबाखाली दगड गडद झाला तर तो पितो, त्याला सीलर लागणार. काळा दगड असेल तर पांढऱ्या कापडावर ॲसिटोन घेऊन पुसा. कापड काळं झालं तर रंग दगडाचा नव्हे, वरून चढवलेला. या सगळ्याला एक संध्याकाळ पुरते. मी ती संध्याकाळ टाइलचा रंग ठरवण्यात घालवली होती.

ग्रॅनाइट घेतला असता तर ही वेळ आली नसती, असं सगळे म्हणाले. ते खरं आहे. क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रकाच्या त्या घट्ट विणीला लिंबू-व्हिनेगरचं काही वाटत नाही. काळा ग्रॅनाइट म्हणून जो मिळतो तो पुष्कळदा ग्रॅनाइट नसतोच, गॅब्रो किंवा डोलेराइट नावाचा दुसराच काळा दगड असतो, पण ओट्यासाठी तोही चिवट. एका मैत्रिणीने कृत्रिम क्वार्ट्झ सुचवला. क्वार्ट्झचा चुरा रेझिनमध्ये घट्ट बसवलेला, जवळजवळ न पिणारा, सहसा न डागाळणारा. गरम कढई ठेवली की मात्र रेझिन दगा देतं. माझं मन वळलं नाही ते दुसऱ्याच कारणाने. तो दगड कोरडा कापताना जी धूळ उडते तिच्यात सिलिकाचं प्रमाण फार मोठं असतं आणि ती कापणाऱ्यांच्या फुप्फुसात जाऊन बसते. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून असा दगड बनवायला, पुरवायला आणि बसवायलाच बंदी केली. सिलिका ग्रॅनाइटमध्येही असते, तेव्हा दगड कुठलाही असो, कापणाऱ्याला पाणी सोडून कापायला सांगणं आणि त्याच्या तोंडावर नीट मास्क आहे का हे बघणं, एवढं तरी आपण करू शकतो.

आणि माझा दगड मला आवडत होता. आजही आवडतो. पहाटे त्याच्यावर तळहात ठेवला की जो गारवा लागतो तो वरवरचा नसतो, आतून कुठून तरी येत राहतो, हात कितीही वेळ ठेवा. कधीकाळी समुद्राच्या तळाशी साठत गेलेला चुना, मग कोट्यवधी वर्षं दाब आणि उष्णता सोसून त्याचे झालेले स्फटिक. त्याच्यावर मी आता कणीक मळते.

डाग वेगळा आणि चट्टा वेगळा, हे कळायला मला एक तेलाची बाटली लागली. तिच्या बुडाशी तेल ओघळलं होतं, बाटली दोन दिवस हलली नाही, आणि उचलली तेव्हा खाली गडद वर्तुळ. हा डाग होता. इथे दगड गेला नव्हता, दगडाच्या आत काहीतरी आलं होतं. तो काढायची रीत ऐकायला विचित्र आहे पण करताना फार समाधान देते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून दाट लेप करायचा, डागावर बोटभर पलीकडेपर्यंत थापायचा, वर प्लास्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि दिवसभर विसरून जायचं. मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. काम होतं ते या सुकण्यात. लेपातलं पाणी उडून जाताना छिद्रांत अडकलेलं तेल वर ओढलं जातं आणि पुडीत जाऊन बसतं. पहिल्या लेपाने माझं वर्तुळ फिकट झालं, दुसऱ्याने जवळजवळ गेलं, तिसऱ्यानंतर मलाच शोधावं लागलं. चहा-कॉफीचा डाग असेल आणि दगड पांढरा असेल तर पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड. गडद दगडावर ते वापरू नये, रंग उतरतो. गंजाचा डाग मात्र फार चिवट, तेव्हा पत्र्याचे डबे ओल्या संगमरवरावर ठेवूच नयेत. ताजमहालाच्या पिवळटलेल्या संगमरवरावरही पुरातत्त्व खात्याने मुलतानी मातीचे लेप दिले आहेत. एवढी मोठी इमारत आणि उपाय लेपाचाच, हे मला फार जवळचं वाटतं. ताप आलेल्या कपाळावर पट्टी ठेवावी तसं.

संगमरवर मुळात चुनखडीच, आणि चुनखडीच्या या तेल पिण्याच्या खोडीवरच एकेकाळी छपाई उभी राहिली. १७९६ च्या सुमारास बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डरने तिथल्या झोल्नहोफेनच्या चुनखडीवर तेलकट शाईने लिहून पाहिलं. तेलकट रेघ दगडाने धरून ठेवली, बाकीचा दगड ओला राहिला, आणि छपाईची शाई फक्त रेघेला चिकटली. आपल्याकडच्या शिळाछाप पोथ्या याच युक्तीच्या. ज्या गुणासाठी मी बाटली उचलून हळहळत होते त्या गुणासाठी कुणीतरी तो दगड पारखून घेत होतं.

रोजची निगा याच्या मानाने साधी आहे, इतकी साधी की सांगताना कुणाचा विश्वास बसत नाही. मऊ कापड, पाणी, आणि फार तर भांडी घासायच्या सौम्य साबणाचे दोन थेंब. साबण राहू द्यायचा नाही, साध्या पाण्याने पुन्हा पुसायचं, मग कोरड्याने. जमिनीवर संगमरवर असेल तर ओल्या फडक्याआधी कोरडा झाडू किंवा मऊ मॉप हवाच. बाहेरून पायाबरोबर येणारी बारीक वाळू बहुतेक क्वार्ट्झची असते, सातव्या पायरीची, आणि फरशी तिसऱ्या पायरीची. आपण ती वाळू ओल्या फडक्याखाली घोळवत नेतो तेव्हा पुसत नसतो, घासत असतो. दारात एक जाडसर पायपुसणं महागड्या औषधांपेक्षा जास्त काम करतं. आणि एक गोष्ट दगडाशी संबंध नसला तरी सांगते, कारण त्यात जीव जाऊ शकतो. फरशी उजळेल म्हणून आम्लाचं औषध आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

हे सगळं शिकत असताना मला आमचा जुना ओटा आठवत राहिला. काळ्या कडप्प्याचा होता, कडेला दोन ठिकाणी टवका उडालेला. त्याच्या उजव्या हाताला, खिडकीखाली, एक तळहाताएवढी जागा राखाडी होती. काळ्यात ती राखाडी जागा मी लहानपणापासून बघत आले. उन्हाळ्यात तिथे गाल टेकवून उभी राहायचे, आई काहीतरी चिरत असायची, सुरीचा आवाज दगडातून कानात यायचा. ती राखाडी जागा म्हणजे दगडाची जन्मखूण आहे असंच मला वाटायचं. आता कळतं की कडप्पा म्हणजेही चुनखडीच, आणि आई नेमकी त्याच जागी लिंबं चिरायची. वीस वर्षं रोज एक-दोन थेंब. संगमरवरावर एका रात्रीत जे झालं तेच तिथे वीस वर्षांत झालं होतं, आणि त्या घरात त्याला कुणी नुकसान म्हटलं नव्हतं. कुणी कुणाला ओरडलं नव्हतं.

दोन खेपांच्या मधल्या काळात मी ओटा घासून घ्यायला पॉलिशवाल्याला बोलावलं. वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी आधी काही न बोलता कान ओट्याला लागेल इतके वाकून उजेडाकडे बघितलं. बराच वेळ. मग म्हणाले, “डाव्या हातानं पुसलंय.” मी चमकले. आई डावखुरी आहे. चट्ट्यांच्या वळणावरून त्यांनी ओळखलं होतं. मग त्यांनी हिऱ्याच्या चकत्या काढून नंबराप्रमाणे मांडल्या, पाण्याची बाटली जवळ घेतली आणि विचारलं, “चकाकी पाहिजे का? पाहिजे असेल तर तीन हजार नंबरापर्यंत जाऊ, परत आरसा होईल. चारशेवर थांबलो तर दगड मवाळ दिसेल, पण पुढचा चट्टा तुम्हाला शोधावा लागेल.” गोदामात मला हे कुणी विचारलं नव्हतं. दगड एकच, पण त्याच्यावर शेवटचा हात कुठे थांबवायचा यावर त्याच्यासोबतचं सगळं राहणं ठरतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी म्हणाले, चारशेवर थांबा.

यंत्र सुरू झालं. दुधासारखा पांढरा गाळ फिरत फिरत कडेला येऊ लागला. मी त्या अर्धगोलांकडे बघत उभी होते. वाटलं होतं तितका वेळ लागला नाही, चट्टे फार खोल नव्हतेच. पहिल्या चकतीच्या तीन-चार फेऱ्यांत आईच्या मनगटाचा तो हिसका गेला, मग लांब झोके गेले. मला हायसं वाटलं. आणि घशात काहीतरी आलंही. दोन्ही एकाच वेळी. संध्याकाळपर्यंत ओटा मऊ, दाट पांढरा झाला, खडूच्या आतल्या भागासारखा. खिडकीचे गज त्यात आता दिसत नव्हते, नुसता उजेड दिसत होता.

पण हे आईला कुठे माहीत होतं? तिच्या डोळ्यांपुढे तोच आरसा होता आणि कानात माझा तोच आवाज. दगडाला चारशे नंबरची चकती मिळते. मी तिच्या “कशाने पुसू?”ला काय लावणार होते?

त्या रात्री जेवणं झाल्यावर ती लिंबू चिरायला उभी राहिली. आधी बशी घेतली, बशीवर चिरायची फळी ठेवली, फळीवर लिंबू, आणि चिरलेली फोड उचलताना खाली दुसरा हात धरला, थेंब पडू नये म्हणून. मला ते बघवेना. मी म्हटलं, “आई, आपल्या जुन्या ओट्यावर खिडकीखाली ती राखाडी जागा होती ना, आठवते?” “हो. दगडच तसा आला होता.” “नाही गं. तू तिथे लिंबं चिरायचीस. त्याने झालं होतं ते.” ती सुरी धरून थांबली. मग म्हणाली, “म्हणजे तोही मीच घालवला?” मी घाईघाईने म्हणाले, “नाही, नाही. मला ती जागा सगळ्यात जास्त आवडायची. मी तिथे गाल लावून उभी राहायचे.” आई काही बोलली नाही. जरा वेळाने तिने ओला हात पदराला पुसला आणि ओट्यावर ठेवला, तळहात पूर्ण पसरून. “गार आहे,” ती म्हणाली. “याची ती चकचक गेली वाटतं.” “मी काढायला लावली.” “बरं केलंस. डोळ्यांवर यायची.”

दुसऱ्या दिवशी मी उठून बाहेर आले तेव्हा सिंक रिकामं होतं, भांडी जागेवर होती, आई बाल्कनीत चहा पीत बसली होती. ऊन आडवं होऊन ओट्यावर आलं होतं. सवयीने मी वाकले आणि वाकून बघितलं. गॅसच्या बाजूला नाण्याएवढा एक फिकट चट्टा होता. आधीचा की कालचा, ते आठवेना. फडकं पिळून, चार घड्या घालून नळावर वाळत टाकलेलं होतं.